होमब्रू क्लास

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत (टेबलाभोवती बसून फाशांच्या साहाय्याने पात्रे वठवण्याच्या खेळांत) नियमपुस्तकाबाहेर, खेळाडूने किंवा डीएमने (डंजन मास्टर, खेळ चालवणारा सूत्रधार) स्वतः बेतलेला पात्रांचा वर्ग. पात्राचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो याचा आकडा), शस्त्रे, मंत्र आणि लेव्हलगणिक मिळणाऱ्या क्षमता क्लासवरून ठरतात.

उगम : अधिकृत क्लास आधी आणि होमब्रू ही नंतरची हौस, असे सर्रास समजले जाते, पुरावा याला फारसा दुजोरा देत नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये १९७४ साली लढवय्या (पुढे फायटर), मांत्रिक (पुढे विझर्ड) आणि क्लेरिक (लढाऊ पुरोहित) असे तीनच क्लास होते. त्यांपैकी क्लेरिक हा आर्नेसन यांच्या ब्लॅकमूर या कॅम्पेनमध्ये (अनेक सत्रे चालणाऱ्या खेळात) डोईजड झालेल्या एका रक्तपिपासू पिशाच (व्हॅम्पायर) पात्राला वेसण घालण्यासाठी निघाला, असे मानतात. चोराच्या क्लासबद्दल मतभेद आहेत. तो १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत छापला गेला. परंतु कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे एका दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी तो त्याआधीच, बहुधा १९७४ च्या पूर्वार्धात, बेतला होता. खुद्द गायगॅक्स यांनी त्या वर्षी एका वार्तापत्रात तिकडून आलेल्या फोनचा उल्लेख केला आहे. त्यामुळे कल्पना सँटा मोनिकाची आणि नियमांची घडण गायगॅक्स यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रेंजर हा रानावनात वावरणाऱ्या लढवय्याचा क्लासही १९७५ मध्ये जो फिशर यांच्या लेखातून आला.

रचना : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हिट डाय (हिट पॉइंट ठरवणारा फासा) विझर्डला सहा बाजूंचा, तर बार्बेरियनला बारा बाजूंचा असतो, नवा क्लास याच मर्यादेत बसवतात. खरी कसोटी पाचव्या लेव्हलला लागते. तेथे फायटरला दुसरा वार मिळतो आणि विझर्डला फायरबॉलसारखे तिसऱ्या पातळीचे मंत्र. आठ बाजूंचा फासा अधिक ४ या हिशेबाने दोन वार लागले, तर सरासरी १७ नुकसान होते. नव्या क्लासने प्रत्येक वाराला सहा बाजूंचा आणखी एक फासा दिला की आकडा २४ वर जातो आणि शेजारी बसलेला फायटर निरर्थक ठरतो. तोच फासा टर्नमध्ये (आपल्या एका पाळीत) एकदाच दिला, तर २०.५. अशी आकडेमोड टाळून केवळ वर्णनावर उभे राहिलेले क्लास दोन सत्रांत कोलमडतात.

स्थानिक उदाहरण : ठाणे व नवी मुंबईतील मराठी गटांत नियम इंग्रजीत आणि टेबलावरचे बोलणे मराठीत असते, ‘नॅट ट्वेंटी पडला रे’ (वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस आले) हे त्याचे नमुनेदार वाक्य. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्याच्या परिसरातून, तिवरांत वावरणारा ‘खाडीकर’ बेतायचा झाल्यास पाग (हाताने फेकायचे जाळे) फेकून शत्रूला अडकवणे ही त्याची स्वाभाविक क्षमता. पण २०१४ च्या नियमांत जाळ्याचा सहज पल्ला ५ फूट आणि कमाल १५ फूट आहे. शत्रू ५ फुटांत असला तर तो जवळ असल्यामुळे, आणि पुढे असला तर पल्ला लांबल्यामुळे, नेमावर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा धरण्याची अट) येतोच. शिवाय जाळे टाकल्यावर त्या अॅक्शनमध्ये दुसरा वार मिळत नाही. म्हणून खाडीकराला यांपैकी पहिली, नेमाची अडचण तिसऱ्या लेव्हलला माफ करावी आणि दुसरीची, एकाच वाराची, माफी पाचव्या लेव्हलसाठी राखावी, हे सयुक्तिक. २०२४ च्या सुधारित नियमांत जाळे शस्त्रांतून निघून साहित्यात गेले व नेमाऐवजी लक्ष्याचा डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने निसटण्यासाठी त्याने टाकायचा फासा) आला. ते नियम वापरणाऱ्यांना ही क्षमता मुळापासून लिहावी लागते.