कासव लाटेत ढकलू नका

जुलैत जुहूच्या वाळूवर मोठं कासव येऊन पडलं, की बघता बघता घोळका जमतो. सेल्फी होतात, आणि मग दोघं-तिघं त्याला उचलून परत लाटेत सोडतात. पुण्य पदरात पडल्यासारखं टाळ्या वाजतात. कासवाच्या मात्र ते बहुतेक वेळा जिवावर बेततं.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी आपल्याकडे अंडी घालायला येते ती साधारण हिवाळ्यात, तीही बहुधा रात्री. (वर्सोव्याला २०१८ च्या मार्चमध्ये पिल्लं दिसली, ती अशाच अंड्यांतली.) भर पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेलं कासव थकलेलं, आजारी किंवा जखमी असतं. कधी समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्याच्या तुकड्याने त्याचा पर, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, हाडापर्यंत कापलेला असतो. कधी फुप्फुसाला इजा होऊन हवा शरीराच्या पोकळीत साठते. मग त्याला बुडीच मारता येत नाही, ते बुचासारखं तरंगत राहतं. अशाला समुद्रात ढकलणं म्हणजे आयसीयूतल्या पेशंटला विरार फास्टमध्ये चढवणं. त्यापेक्षा सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. उपचारांसाठी डहाणूला केंद्र आहे.

जाळ्यातल्या कासवाची गोष्ट वेगळी. त्याला कल्ले नसतात, हवेसाठी वर यावंच लागतं; जाळं खाली राहिलं की ते गुदमरतं. बोटीवर घेतलं तेव्हा मेलेलंच वाटतं, पण पुष्कळदा ते फक्त बेशुद्ध असतं. त्याला उताणं करायचं नाही. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उचलून धरायची, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळतं. शुद्धीवर यायला ४ तास लागतात, कधी २४ सुद्धा. कासव सोडवताना जाळं कापावं लागलं तर सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. माझ्या मते आजवरच्या सगळ्या पोस्टरांपेक्षा हा निर्णय मोलाचा, कारण जाळं हे कोळ्याचं भांडवल आहे.

आणि कासव मेलेलं असेल तर? तरी त्याचे पुढचे पर नीट पाहा. ओडिशात २०२१ मध्ये परावर ओळखीसाठी धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली, सुमारे ३,५०० किलोमीटर पार करून. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, असं तोवर मानत होते. ओळख पटली ती पट्टीवरच्या ०३२३३ या आकड्याने. तुम्हाला अशी पट्टी दिसली तर ओढून काढू नका. आकडा नीट वाचता येईल असा फोटो घ्या आणि तो वनविभागाला द्या.