बाथरूमच्या ७२ चौरस फुटांचा रंग

आमचं ठाण्याच्या पाचपाखाडीतलं बाथरूम चार फूट बाय सात फूट आहे. टाइल्स सात फुटांपर्यंत, त्यावर दोन फूट उघडी भिंत आणि मग छत. टेप लावून मोजलं तर रंगवायची जागा भरली ७२ चौरस फूट, डक्टकडची खिडकी धरूनसुद्धा. एवढ्याशा जागेवरून घरात तीन आठवडे खल चालला. मुलीला मोरपंखी हवा होता. नवऱ्याला 'कुठलाही, पण पावसाळ्याआधी' हवा होता. आणि नागपूरच्या नणंदेने फोनवर निकाल देऊन टाकला, "अगं, साधं डिस्टेंपर मार. आमच्याकडे आठ वर्षं झाली, भिंत जशीच्या तशी आहे."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्या भिंतीने मात्र तिचं ऐकलं नसतं. कारण समजून घ्यायचं तर रंगाचा डबा बाजूला ठेवून आधी हवेचा हिशेब करावा लागतो.

आमच्या बाथरूममध्ये साधारण ७ घनमीटर हवा मावते. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास वाफ सामावून घेते. त्यापुढची वाफ पाणी होऊन कुठेतरी बसते. जुलैत ठाण्यात आर्द्रता सहज ८५ टक्क्यांवर असते, म्हणजे त्या २६ पैकी २२ ग्रॅमची जागा आपण नळ उघडायच्या आधीच भरलेली. उरली घनमीटरमागे जेमतेम ४ ग्रॅम. अख्ख्या बाथरूममध्ये मिळून २८ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी! बादलीतल्या कढत पाण्यातून एवढी वाफ निघायला काय वेळ लागतो? आता नागपूरचा मे महिना घ्या. ४२ अंश तापमान, २० टक्के आर्द्रता. तेवढ्याच खोलीतली हवा तिथे तीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी पिऊ शकते. नणंदेच्या भिंतीवर पडलेला शिंतोडा ती अंग पुसून बाहेर येईपर्यंत उडून जातो. आमच्याकडे तो मुक्कामाला राहतो.

आणि राहतो तो बहुतेक वरच्या भागात. गरम हवा वर चढते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाण्याची वाफ मुळातच हवेपेक्षा हलकी असते, हे पटकन लक्षात येत नाही. पाण्याचा रेणूभार १८, हवेचा सरासरी २९. त्यामुळे ओली हवा दुहेरी कारणाने छताशी जमते आणि बाहेरच्या भिंतीचा जो कोपरा सर्वांत थंड असतो, तिथे दव धरते. दर ऑगस्टमध्ये गिझरच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात ते याच जागी. हीच आपली बुरशी: क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम अशी मंडळी. यांना पाण्याचं डबकं लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की पुरे. खायला साबणाचा थर, अंगावरून निघालेले त्वचेचे कण आणि धूळ. काही रंग दाट करण्यासाठी त्यांत सेल्युलोजपासून बनवलेले पदार्थ घालतात, तेही त्यांना चालतात. आपण हौसेने लावलेला रंग म्हणजे त्यांच्या पंगतीतलं एक पक्वान्न. (जुलैत कपाटातला चामडी पट्टासुद्धा पांढरट होतो, तिथे तर कोणी अंघोळ करत नाही.)

मग जुन्या घरांतल्या मोऱ्या कशा टिकल्या? माझ्या आजोळी बंबाची राख, धूर, वाफ सगळं एकाच न्हाणीघरात, तरी भिंत काळी पडली ती धुराने, बुरशीने नव्हे. एक तर वर कौलं होती, फटींतून वारा खेळायचा. दुसरं म्हणजे चुना. विरलेल्या चुन्याचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो. एवढ्या अल्कधर्मी भिंतीवर बुरशीचं बीज रुजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ खडू होतो आणि त्याचा हा गुण जातो. दरवर्षी दिवाळीआधी सफेदी काढायची रीत होती, तिने भिंतीला पुन्हा धार यायची. आज फ्लॅटमध्ये चुना लावा असं मी म्हणणार नाही. अंगाला, कपड्यांना लागतो आणि वर्षाकाठी रंगारी बोलवायला कोणाला सवड आहे?

तर आता डबा उघडू. कुठल्याही रंगात मुख्यतः चार गोष्टी असतात: रंगद्रव्य, सगळं धरून ठेवणारा चिकट बंधक, ते पातळ करणारं पाणी किंवा टर्पेंटाइन, आणि थोडी इतर औषधं. पांढऱ्या आणि फिक्या रंगांतलं खरं सोनं म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, २.७ च्या आसपास, हिऱ्याच्या २.४२ पेक्षाही जास्त. भोवतीच्या बंधकाचा असतो साधारण १.५. हा फरक जेवढा मोठा, तेवढा प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि खालची भिंत झाकली जाते. गंमत म्हणजे हे शुभ्र द्रव्य ज्या इल्मेनाइट खनिजापासून मिळतं ते काळं असतं; रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते आहे. रंगद्रव्यांशी ठाण्याचंही जुनं नातं: कोलशेतला कलर-केमच्या कारखान्यात ती बनायची. आता त्या बाजूला टॉवर आहेत आणि त्यांतल्या बाथरूमांना छतावरच्या ठिपक्यांचा हाच प्रश्न.

स्वस्त डिस्टेंपरात टायटॅनियम कमी, खडूची भुकटी भरपूर आणि बंधक बेताचा. खडूचा अपवर्तनांक १.६ च्या आसपास, बंधकाच्या इतका जवळ की त्याच्यात बुडाला तर झाकण्याची ताकदच उरू नये. मग तो भिंत झाकतो कसा? कणांच्या मधल्या पोकळीतल्या हवेच्या जोरावर. हवेचा अपवर्तनांक १, म्हणून फरक पुरेसा पडतो. पण त्या पोकळीत पाणी शिरलं की १ च्या जागी १.३३ येतात, फरक घटतो, विखुरणं कमी होतं आणि भिंत गडद, डागाळलेली दिसते. ओला सदरा गडद दिसतो तसंच. वाळली की पुन्हा फिकी. डिस्टेंपरच्या भिंतीवर 'ओल आली, गेली' हा जो खेळ दिसतो तो असा. त्यात बंधक कमी म्हणून ओल्या फडक्याने पुसलं की रंग हाताला येतो. बाथरूममधून त्याला बाद करायला एवढं पुरे.

मॅट, सॅटिन, ग्लॉस हा फरकही याच प्रमाणात दडलेला आहे. बंधक कमी आणि भुकटी जास्त असली की कण पृष्ठभागावर डोकी वर काढतात, प्रकाश सगळीकडे उधळतो: मॅट. बंधक भरपूर असला की कण त्यात बुडतात, वरून गुळगुळीत कातडं धरतं आणि दिवा आरशासारखा चमकतो: ग्लॉस. प्रयोगशाळेत ही चमक ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून मोजतात. काळी घोटीव काच म्हणजे १०० धरली, तर मॅट साधारण १० च्या खाली आणि ग्लॉस ७० च्या वर. सॅटिन मधे कुठेतरी.

चमकदार रंगावर दव धरत नाही, असा एक समज आहे. तो चूक आहे. दव धरणं भिंतीच्या तापमानावर ठरतं, चमकीशी त्याचा संबंध नाही. उलट ग्लॉसवर थेंब स्पष्ट दिसतात, जमून ओघळतात. फरक पडतो तो पुढे: गुळगुळीत कातड्यावरचं पाणी आणि साबण फडक्याच्या एका हाताने निघतो, मॅटच्या खाचखळग्यांत तो घर करून राहतो. ग्लॉसचा दोष वेगळाच. छतालगतच्या दिव्याचा प्रकाश भिंतीला चाटून जातो आणि लांबी (पुट्टी) भरताना राहिलेला प्रत्येक उंचवटा, प्रत्येक ओरखडा दाखवतो. म्हणून माझं मत सॅटिनला पडलं. भिंतीला एक आणि छताला दुसरा असा घोळही घातला नाही. दोन हातांना लिटर-दीड लिटर लागणार, त्यात दोन डबे कशाला?

आमचे रंगारी काका मात्र ऑइल पेंटवर अडून बसले. "ताई, बाथरूमला ऑइलच. पाणी आत शिरतच नाही." पाणी बाहेरून शिरत नाही हे खरं, पण आतलं बाहेरही येत नाही. वाशीच्या माझ्या मैत्रिणीकडे वरच्या मजल्यावरून झिरपत होतं. तिने ऑइल पेंट लावला आणि तीन महिन्यांत भिंतीला करंजीएवढे फुगे आले. शिवाय ऑइल पेंटचं नव्या सिमेंट प्लास्टरशी पटत नाही. ताजं प्लास्टर तीव्र अल्कधर्मी असतं आणि तेल व अल्क एकत्र आले की काय तयार होतं, ते साबण बनवणारा कोणीही सांगेल. ओलसर नव्या भिंतीवर ऑइल पेंट चिकट, मऊ होऊन सुटतो तो अक्षरशः साबण होऊन. आणि अंधाऱ्या जागी पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो. उजेडात एवढा पडत नाही. डक्टकडे तोंड करून बसलेल्या बाथरूमला आणखी काय सांगायचं? पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन यातल्या कशालाच एवढं बळी पडत नाही, थोडी वाफही आरपार जाऊ देतं.

पण ओल आतून येतेय की बाहेरून, हे रंगाआधी ठरवायला हवं. त्यासाठी खर्च शून्य. स्वयंपाकघरातला फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि एक दिवस ठेवायचा. फॉइलच्या वरच्या बाजूला थेंब आले तर खोलीतली वाफ. फॉइल काढल्यावर मागे ओल दिसली तर पाणी भिंतीतून, म्हणजे पाइप, डक्ट किंवा वरचे शेजारी. मागची ओल असेल तर जगातला कुठलाही रंग लावू नका. आधी प्लंबर आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा. लोणा, म्हणजे भिंतीवर फुलणारी पांढरी भुकटी, हीसुद्धा याच मागच्या पाण्याची खूण: पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं आणि स्वतः उडून जाताना ते पृष्ठभागावर टाकतं. आणखी एक, जिथे ओलीची शक्यता आहे तिथे पीओपी नको. ते जिप्सम, पाण्यात थोडं विरघळतं आणि मऊ पडतं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी बरी.

आमच्याकडे थेंब फॉइलच्या वर आले. हायसं वाटलं.

जुन्या बुरशीवर तसाच रंग मारला तर ती नव्या रंगातून पुन्हा डोकं काढते. आधी पातळ केलेल्या ब्लीचने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने, पुसून, धुऊन, पूर्ण वाळवावं लागतं. खिडकी उघडी ठेवून. आणि त्याच वेळी संडास साफ करायचं अ‍ॅसिड जवळपासही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि एवढ्याशा खोलीत तो जिवावर बेतू शकतो. डब्यावर 'बुरशीरोधक' लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण ते औषध ओलाव्याबरोबर थोडं थोडं बाहेर येऊनच काम करतं. म्हणजे ते संपतंही.

आता मोरपंखी. भिंत मोरपंखी म्हणजे ती हिरवा प्रकाश समजा ६० टक्के परत फेकते आणि लाल ४० टक्के. शेडकार्डावर आपण एकदाच परतलेला प्रकाश पाहतो, प्रमाण दीडपट. पण चार फुटांच्या खोलीत प्रकाश भिंतीवरून भिंतीवर आपटत डोळ्यांपर्यंत येतो. दोनदा आपटला की ३६ आणि १६, तीनदा आपटला की सुमारे २२ आणि ६: जवळजवळ साडेतीन पट! छोट्या खोलीत कुठलाही रंग कार्डापेक्षा गडद आणि भडक दिसतो तो यामुळे. तो हिरवा उजेड आरशासमोरच्या चेहऱ्यावरही पडतो. सकाळी सहाला कावीळ झाल्यासारखं स्वतःला बघायची माझी तयारी नव्हती. मुलीला पटवायला कार्डच बाथरूममध्ये नेलं, रात्री, तिथल्याच दिव्याखाली. आमच्याकडे ३,००० केल्विनचा पिवळसर एलईडी आहे. दुकानात होता ६,५०० चा निळसर पांढरा. दुकानातला मोरपंखी घरी शेवाळी झाला. तिने स्वतःच कार्ड मिटलं.

शेवटी ठरला किंचित पिवळ्या झाकेचा पांढरा. कंटाळवाणा आहे, मान्य. पण पांढऱ्यावर बुरशीचा पहिला ठिपका मोहरीएवढा असतानाच दिसतो आणि फडक्याने निघतो. गडद रंगावर तो लपतो, आणि टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग तेवढे उठून दिसतात.

काम मेच्या अखेरीस झालं. आता अंघोळीनंतर वीस मिनिटं एक्झॉस्ट चालू आणि दाराखाली बोटभर फट, कारण हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. जुलैत बाहेरची हवाच ओली, तेव्हा दार सताड उघडून हॉलमधल्या पंख्याचा वारा आत येऊ देते.

एक घोटाळा झालाच. रंग लावून चौथ्या दिवशी कढत पाण्याने अंघोळ केली आणि संध्याकाळी भिंतीवर मधासारखे तपकिरी, चिकट ओघळ. नवऱ्याने लगेच रंगाऱ्याला नावं ठेवली. इमल्शनचे कण पाण्यात तरंगत राहावेत म्हणून त्यात साबणासारखे पदार्थ असतात. रंग पुरता मुरायच्या आत दव धरलं की ते विरघळून ओघळतात. ओल्या फडक्याने पुसले, गेले. तरी काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मी म्हटलं होतं ना, आठ-पंधरा दिवस गरम पाणी नको."

म्हटलं होतं त्यांनी.