हूबरचा हूवर कसा झाला

देवनागरीत ‘हूबर’ आणि ‘हूवर’ ही दोन नावे एकाखाली एक लिहिली, तर त्यांच्यातला फरक ‘ब’च्या पोटातल्या एका तिरक्या रेघेएवढाच उरतो. रोमन लिपीत मात्र ती परस्परांना अनोळखी वाटतात: एक पाच अक्षरांचे, दुसरे सहा अक्षरांचे, आणि मधली अक्षरे पूर्ण वेगळी. अमेरिकेचे ३१ वे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे आडनाव मुळात जर्मन शेतकऱ्याचे आहे, ही गोष्ट म्हणूनच कागदावर पाहून लक्षात येत नाही; ती कानाने ऐकावी लागते.

मध्ययुगीन जर्मन भाषेत ‘हूओबं’ म्हणजे जमिनीचे एक माप. एका शेतकरी कुटुंबाचा एका नांगरावर निर्वाह होईल एवढी ही जमीन असे. प्रांताप्रांतात ती कमीजास्त होती. अनेक ठिकाणी ३० मॉर्गेन धरत, आणि मॉर्गेन म्हणजे शब्दशः ‘सकाळ’, अर्थात एका सकाळच्या नांगरटीत उरकणारी जमीन. अशी जमीन कसणारा तो हूबर. बव्हेरियात करआकारणीसाठी शेतवाड्यांची प्रतवारी ठरलेली होती. पूर्ण वाड्याच्या निम्मी ती ‘हूबं’, चतुर्थांश ती ‘लेहेन’, आणि त्याहून लहान ती ‘झोल्डे’. माइअर, हूबर, लेखनर आणि झोल्डनर ही आडनावे याच उतरंडीशी बांधलेली आहेत. मिरासदार किंवा इनामदार हे आडनाव ऐकले की जमिनीशी असलेले नाते आपल्याला आपोआप उमजते. हूबर या नावातही त्या काळच्या जर्मन कानाला खेड्यातली ऐपत ऐकू येत असणार.

जर्मन भाषक प्रदेशात आडनावे साधारण बाराव्या शतकापासून रुजू लागली. दक्षिणेकडच्या शहरांत ती आधी आली, खेड्यांत नंतर, आणि उत्तरेच्या फ्रीसलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच सत्तेने हुकूम काढेपर्यंत बापाच्या नावावरच काम भागत होते. जमिनीचे माप सगळीकडे तेच असले, तरी त्याचा उच्चार बोलीप्रमाणे बदले. उत्तरेत ‘हूफं’ आणि त्यावरून हूफनर, पूर्वेकडच्या सॅक्सनी व सायलीशियात ह्यूब्नर, आणि बव्हेरिया, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये हूबर. फ्रायबुर्ग आणि माइन्त्स येथील भाषाशास्त्रज्ञांनी २००५ सालच्या जर्मन टेलिफोन जोडण्यांची नोंद घेऊन आडनावांचा नकाशासंग्रह तयार केला. दोन महायुद्धे आणि कोट्यवधी लोकांची स्थलांतरे होऊनही जुन्या बोलींच्या सीमा आडनावांच्या विखुरणीत अजून बऱ्याच ठिकाणी दिसतात, ही त्या कामातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब आहे.

हूबर आडनावाची सगळी माणसे एका मूळ पुरुषाची वंशज असतील, असा समज मात्र टिकणारा नाही. जिथे जिथे ‘हूबं’ होती, तिथे तिथे हे नाव स्वतंत्रपणे उगवले. वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि आडनाव यांचा प्रवास सारख्याच वाटेने होतो, म्हणून दोन्हींची तुलना करता येते. ब्रिटनमध्ये अशी तुलना झाली तेव्हा दिसले, की विरळ आडनावांचे पुरुष पुष्कळदा एकाच पूर्वजाकडे पोहोचतात, तर स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या व्यावसायिक नावाच्या पुरुषांत तसे नाते सापडत नाही. हूबर हे दुसऱ्या प्रकारातले नाव. त्यातच बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात नाव माणसापेक्षा वाड्याला अधिक चिकटलेले असे. हूबरांच्या वाड्यावर लग्न करून आलेला घरजावई पुष्कळदा हूबर म्हणूनच ओळखला जाई, आणि त्याची मुलेही. अशा वंशात आडनावाची साखळी अखंड राहते, गुणसूत्राची तुटते.

आता स्थलांतराकडे वळू. ऱ्हाइन नदीकाठचा फाल्त्स प्रदेश, ज्याला इंग्रज पॅलॅटिनेट म्हणत, तीस वर्षांच्या युद्धात म्हणजे १६१८ ते १६४८ या काळात ओसाड झाला. रिकाम्या शेतांवर स्वित्झर्लंडमधून कुटुंबे येऊन वसली आणि त्यांच्याबरोबर हूबर हे नावही आले. मग १६८९ साली फ्रेंच सैन्याने श्पायर आणि वोर्म्स ही शहरे जाळली, आणि १७०८-०९ चा हिवाळा एवढा कडक पडला की द्राक्षमळे गोठून गेले. दरम्यान विल्यम पेन या इंग्रज गृहस्थांना १६८१ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीची सनद मिळाली होती. धर्मस्वातंत्र्य आणि जमीन या दोन गोष्टींचे आमिष ऱ्हाइनकाठी पोहोचायला वेळ लागला नाही. अमेरिकन राज्यक्रांतीपूर्वीच्या पाऊणशे वर्षांत ८०,००० हून अधिक जर्मन भाषक अटलांटिक ओलांडून गेले.

वाट सोपी नव्हती. १७५० साली हा प्रवास केलेल्या गॉटलीब मिटेलबर्गर यांनी हाइलब्रोनपासून हॉलंडपर्यंत ३६ जकात नाकी लागल्याचे लिहून ठेवले आहे. रॉटरडॅमला जहाज मिळे, इंग्लंडच्या एखाद्या बंदरात थांबा होई आणि मग कित्येक आठवड्यांनी फिलाडेल्फिया दिसे. ज्यांच्याकडे भाडे नसे, ते काही वर्षांच्या मजुरीच्या करारावर स्वतःला बांधून घेत.

नावाच्या दृष्टीने खरी घटना घडे ती धक्क्यावर. १७२७ पासून पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने सोळा वर्षांवरील परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ सक्तीची केली, आणि त्यामुळे एकाच जहाजातील माणसांच्या दोन-तीन याद्या तयार होऊ लागल्या. एक यादी कप्तानाची, म्हणजे बहुधा इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली. उरलेल्या शपथेच्या, त्यांवर लिहिता येणारा स्वतः जर्मन वळणाच्या अक्षरात सही करी, आणि न येणारा खूण करी, ज्याच्या शेजारी कारकून त्याचे नाव लिही. यातल्या बऱ्याच याद्या टिकल्या आणि १९३४ साली सह्यांच्या छायाप्रतींसह छापल्या गेल्या. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला याहून चांगली प्रयोगशाळा मागूनही मिळायची नाही: एकच माणूस, जवळपास एकच दिवस, आणि एकाच नावाची दोन-तीन रूपे. एक रूप माणूस स्वतःला काय समजतो ते सांगते, दुसरे रूप समोरच्याला काय ऐकू आले ते सांगते.

आणि काय ऐकू येत होते? फाल्त्सच्या बोलीत दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘ब’ ओठ पुरते न मिटता उच्चारला जातो आणि ‘व’कडे झुकतो. प्रमाण जर्मनमधले ‘हाबेन’ तिथे ‘हाव्वं’ होते. हा काही जर्मन बोलीचाच विक्षिप्तपणा नाही. संस्कृत ‘दीप’चा आपल्याकडे ‘दिवा’ झाला आणि ‘सपत्नी’ची ‘सवत’ झाली, ती याच मार्गाने. दोन स्वरांच्या कात्रीत सापडलेले ओष्ठ्य व्यंजन सैल पडत जाते. म्हणजे फाल्त्सचा शेतकरी आपले नाव लिहिताना हूबर लिही आणि उच्चारताना हूवरच्या जवळपास काहीतरी म्हणे. इंग्रज लेखनिकाने ऐकले ते इमानाने लिहिले, आणि इंग्रजीत दीर्घ ‘ऊ’साठी दोन ‘ओ’ काढण्याची रीत असल्याने नव्या नावाची अक्षरे पालटली. नाव बिघडले असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते उच्चार जपण्यासाठीच त्याने अक्षरे टाकून दिली. मराठी वाचकाला शिंद्यांचे ‘सिंधिया’ आठवेल. तिथे मात्र अक्षरांबरोबर उच्चारही गेला.

अमेरिकेत घराघरांत एक आख्यायिका सांगतात, की न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, अधिकाऱ्याने आमचे आडनाव बदलले. ते केंद्र १८९२ साली उघडले. हूबरांचे हूवर त्याच्या दीडशे वर्षे आधीच होऊ लागले होते. शिवाय तिथले अधिकारी नावे नव्याने लिहीत नसत. प्रस्थानाच्या बंदरावर भरलेल्या जहाजाच्या यादीवरून ते पडताळणी करत.

याच्या अगदी उलट उदाहरण जिनीव्हाचे आहे. मधमाश्यांच्या अभ्यासात ज्यांचे नाव आजही घेतले जाते, ते दृष्टी गमावलेले निसर्गतज्ज्ञ फ्रान्स्वा हूबर (१७५०-१८३१) फ्रेंच भाषक शहरात राहत. त्यांनी आपला मदतनीस ब्युर्नां याच्या डोळ्यांनी पोळ्यातले व्यवहार पाहिले आणि ते १७९२ साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या नावाचे एकही अक्षर बदलले नाही, पण फ्रेंच जिभेवर ‘ह’ गळून आणि ‘ऊ’ पुढे सरकून ते ‘यूबेर’च्या जवळ गेले. छापील पुस्तकांच्या जगात वावरणाऱ्या घराण्याने अक्षरे राखली आणि उच्चार सोडून दिला. शेतावर राबणाऱ्यांनी उच्चार राखला.

हर्बर्ट हूवर यांचे पूर्वज आन्द्रेआस हूबर १७३८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, फाल्त्समधल्या एलरश्टाट गावाहून निघून पेनसिल्व्हेनियात पोहोचले. पुढे मेरीलंड, नॉर्थ कॅरोलिना, ओहायो अशी पिढ्यापिढ्यांची पश्चिमेकडची वाटचाल आयोवातल्या वेस्ट ब्रँच गावी आली, आणि तिथे १८७४ साली हर्बर्ट जन्मले. तोपर्यंत घर क्वेकर पंथाचे झाले होते. राष्ट्राध्यक्षपदी असताना, म्हणजे १९२९ ते १९३३ या मंदीच्या काळात, बेघरांच्या झोपडवस्त्यांना लोक उपरोधाने ‘हूवरव्हिल’ म्हणू लागले.

ब्रिटनमध्ये हेच आडनाव ‘यंत्राने धूळ शोषून काढणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आहे, आणि त्याला राष्ट्राध्यक्ष कारणीभूत नाहीत. ओहायोतील कॅन्टन गावी सफाईचे काम करणाऱ्या, दम्याने बेजार झालेल्या जेम्स मरे स्पँगलर यांनी विजेवर चालणारा धूळ शोषणारा झाडू तयार केला आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. ते हक्क चामड्याच्या वस्तूंचे कारखानदार विल्यम हूवर यांनी विकत घेतले. स्पँगलर हे नावही ‘श्पेंगलर’चेच, म्हणजे पत्रे ठोकणाऱ्या कारागिराचे. कारखाना ज्या गावात होता त्याचे नाव न्यू बर्लिन. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनद्वेषापायी १९१८ साली ते बदलून नॉर्थ कॅन्टन करण्यात आले; गावातले सर्वांत प्रसिद्ध जर्मन नाव मात्र कारखान्याच्या पाटीवर तसेच राहिले, कारण ते जर्मन आहे हे कोणाला ऐकूही येत नव्हते.

१९४७ साली पराभूत जर्मनीची पाहणी करून माजी राष्ट्राध्यक्षांनी शिफारस केल्यावर अमेरिकी आणि ब्रिटिश ताब्यातल्या भागांत सुमारे ३५ लाख शाळकरी मुलांना दररोज ३५० कॅलरींचे गरम जेवण मिळू लागले. हूबर नावाची गर्दी असलेल्या बव्हेरियातही मुले डबा घेऊन रांगेत उभी राहत, आणि त्या जेवणाला ‘हूवरचे जेवण’ म्हणत. एलरश्टाट फ्रेंचांच्या ताब्यात असल्याने या योजनेच्या बाहेर राहिले.