लिलावातले टपाल: सुट्या तिकिटाकडून अख्ख्या पाकिटाकडे

जुन्या टपालाच्या लिलावात पाण्यात भिजवून सोडवलेली साधी तिकिटे बहुधा ढिगाने विकली जातात, तर तेच तिकीट मूळ पाकिटावर, शिक्क्यासह आणि वाचता येणाऱ्या पत्त्यासह असेल तर त्याचा स्वतंत्र लॉट, म्हणजे वेगळी बोली लागणारा नग, होतो. हा फरक संग्राहकांच्या पहिल्या पिढ्यांनी केलेला नव्हता. ठाणे आणि नवी मुंबईतील जुन्या घरांत अजून शिल्लक असलेल्या कागदपत्रांचे मोल समजून घ्यायचे, तर तो कसा पडला हे पाहावे लागते.

इंग्लंडमध्ये मे १८४० मध्ये ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट आले. त्यानंतर बारा वर्षांनी, १ जुलै १८५२ रोजी, सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी अर्ध्या आण्याचे ‘सिंद डाक’ तिकीट काढले. त्याचा पहिला प्रकार लाल लाखेचा होता आणि तो हाताळताना तडकत असे, म्हणूनच धड अवस्थेतील लाल तिकीट आज दुर्मीळ आहे. सबंध हिंदुस्थानसाठीची तिकिटे १ ऑक्टोबर १८५४ रोजी चालू झाली, त्यामुळे सिंधची तिकिटे बंद झाली आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात जाऊ लागले. तिकीट न लावलेल्या पत्राचे दुप्पट शुल्क ते घेणाऱ्याकडून वसूल होई. अशी ‘बेअरिंग’चा शिक्का असलेली पत्रे आता वेगळी जमवली जातात.

पॅरिसमध्ये १८६५ साली, न्यूयॉर्कमध्ये १८७० साली आणि लंडनमध्ये १८७२ साली तिकिटांचे लिलाव झाले. कलकत्त्यात १८९७ साली फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. त्या काळचा संग्राहक तिकिटाचा रंग, कागद, कडेचे दाते आणि जलचिन्ह (कागद उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) पाही, पाकीट त्याच्या लेखी केवळ वेष्टन होते. अल्बमच्या चौकटीत तिकीट नीट बसावे म्हणून हजारो पाकिटे बशीभर पाण्यात भिजली आणि त्यांच्याबरोबर पत्राचा सारा प्रवास पुसला गेला. माझ्या मते या छंदाने स्वतःचे केलेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे आणि ते भरून येणारे नाही.

ठाण्यापुरते हे नुकसान अधिक जाणवते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५४ ची तिकिटे आली तेव्हा त्या घटनेला दीड वर्षही झाले नव्हते. भारतीय टपाल खात्याने १९५३ साली रेल्वेच्या शताब्दीनिमित्त दोन आण्यांचे तिकीट काढले. ते आजही स्वस्तात मिळते, परंतु आरंभीच्या काळातले, ठाण्याचा शिक्का स्पष्ट उमटलेले पाकीट ही अगदी वेगळ्या तोलाची वस्तू आहे. अशा पाकिटावर पुष्कळदा मोडीत लिहिलेला पत्ता असतो, मागे पोहोचल्याचा शिक्का असतो आणि मधोमध एक भोक असते, कारण पेढीवर आणि घरात आलेली पत्रे आकड्याच्या तारेला ओवून ठेवण्याची रीत होती. लिलावाच्या सूचीत या भोकाची उणीव म्हणून नोंद होते आणि किंमत त्या मानाने उतरते. मला मात्र ते भोक पत्र खरोखर वापरात होते याची खूण वाटते, तसेच लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या कोपऱ्यांवरचे हळदीकुंकवाचे बोटही.

सुट्या तिकिटांचे मोल सरसकट गेले असे मात्र नाही. १८५४ चे चार आण्यांचे तिकीट लाल आणि निळ्या अशा दोन रंगांत दोनदा छापले जाई. त्यात कागद उलटा घातला गेल्याने व्हिक्टोरिया राणीचे डोके उलटे आलेली थोडी तिकिटे बाहेर पडली आणि ती जगभर प्रसिद्ध झाली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या, स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या शंभर प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द छापला होता. त्यांपैकी चार तिकिटांची सलग पट्टी २०१७ साली ५ लाख पौंडांना विकली गेली. साध्या तिकिटावर तो शब्द मागाहून छापून फसवणे अवघड नसल्यामुळे अशा लॉटसोबत तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसेल तर जाणकार बोली लावत नाहीत. नवख्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृहाचा अधिभार आणि कर चढतो, म्हणून आपली कमाल बोली ते धरूनच ठरवायला हवी.

नवी मुंबईचा भाग वरवर पाहता या इतिहासाबाहेरचा वाटेल, कारण हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० सालची. पण बेलापूर पट्टी, पनवेल आणि उरण इथली घरे त्याहून कितीतरी जुनी आहेत. पत्त्यात ‘जिल्हा कुलाबा’ लिहिलेले पनवेलचे जुने पाकीट बहुधा १९८१ पूर्वीचे असते, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि पिनकोड नसेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे असण्याचा संभव असतो. ती पिनकोड पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठीच. नौपाड्यातला वाडा पुनर्विकासाला जातो किंवा गिरगावातले बिऱ्हाड नेरुळच्या फ्लॅटमध्ये येते, तेव्हा माळ्यावरची ट्रंक आधी रद्दीवाल्याकडे जाते. ती उघडलीच, तर तिकिटे कापू नयेत, पाकिटांना चिकटपट्टी लावू नये, आतले पत्र वेगळे करू नये आणि एका माणसाचा किंवा एका पेढीचा पत्रव्यवहार फोडू नये, कारण एकत्र राहिलेल्या पत्रव्यवहारातूनच दर, मार्ग आणि लागलेले दिवस ताडून पाहता येतात.