पामची बाग म्हणजे जंगलच की!

पामतेलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: 'जंगल तोडलं तरी पामची झाडंच लावली ना, कार्बन भरून निघतो.' आग्नेय आशियातल्या सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरच्या पीट जमिनीवर हे साफ खोटं आहे, कारण तिथला बहुतेक कार्बन झाडांत नाहीच, पायाखाली आहे.

पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात बुडून राहिलेला, हवा न मिळाल्याने न कुजलेला पालापाचोळा आणि लाकूड. हा थर काही ठिकाणी 10 मीटरहून खोल असतो. पामला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून आधी चर खणून पाणी काढतात. हवा आत शिरते, जिवाणू कामाला लागतात आणि जमीन अक्षरशः हवेत विरते. सुरुवातीची वर्षं ती झपाट्याने खचते, पुढेही वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर.

आता हिशेब करा. अशा बागेतून हेक्टरी वर्षाला सुमारे 11 टन कार्बन जातो, म्हणजे 25 वर्षांत 275 टन. बागेच्या झाडांत सरासरी साठतो जेमतेम 40 टन!

भातानेही तेच केलं. 1996 मध्ये बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, मध्य कालिमंतानात, सुमारे 10 लाख हेक्टरांवर भातशेतीसाठी हजारो किलोमीटर कालवे खणले. भात जवळपास पिकलाच नाही. 1997 मध्ये वाळलेलं पीट मात्र महिनोन्महिने धुमसलं.

पाणी न काढता तिथे सागो नावाचा पाम वाढतो. साबुदाणा मूळचा त्याचाच, आपला मात्र कसावा या कंदाचा.