कृत्रिम गुडघा बिजागरीतून कसा सुटला

गुडघा म्हणजे बिजागरी, असं आपण सहज म्हणून जातो. कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांचीही बराच काळ हीच समजूत होती, आणि ती मोडायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली.

१८९० मध्ये बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. ती हाडात घट्ट धरावी म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस आणि राळ यांचं मिश्रण वापरून पाहिलं. प्रतिजैविकं अजून यायची होती. आतला क्षय जागाच राहिला आणि त्यापुढे हे सांधे टिकले नाहीत. कृत्रिम सांधा हाडात चिकटवून बसवायचा, हा त्यांचा विचार मात्र अस्सल होता.

१९५०च्या दशकात स्वीडनचे वाल्डियस आणि ब्रिटनचे शियर्स यांनी बिजागरी पुन्हा आणली. वेदना थांबायच्या, माणूस पायावर उभा राहायचा. पण खरा गुडघा नुसता दुमडत नाही. वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर थोडं लोळतं, थोडं घसरतं, आणि नडगी स्वतःभोवती किंचित वळतेही. साध्या बिजागरीला वळणं ठाऊक नाही. तो सगळा पीळ हाडात रोवलेल्या दांड्यांवर यायचा आणि इम्प्लांट ढिलं व्हायचं.

वाट मोकळी झाली ती खुब्याच्या कृत्रिम सांध्यामुळे. शल्यविशारद जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इस्पितळात धातू, पॉलिथिलीन हे प्लास्टिक आणि सांधा हाडात घट्ट बसवणारं बोन सिमेंट यांची सांगड जमवली होती. तिथेच काम करणाऱ्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये हीच सामग्री गुडघ्यात वापरली. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या दोन्ही गोलसर उंचवट्यांना धातूच्या वक्र पट्ट्या, खाली प्लास्टिकच्या खाचा, आणि दोन्ही भाग एकमेकांपासून सुटे. त्यांना जागेवर धरायचं काम रुग्णाच्या स्वतःच्या लिगामेंटचं, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांचं. या इतिहासातलं सगळ्यात धाडसी पाऊल मला हेच वाटतं.

मग १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांचा ‘टोटल कॉन्डायलर’ आला: मांडीच्या हाडावर धातूचं टोपण, नडगीवर प्लास्टिक, वाटीच्या मागे प्लास्टिकची चकती. आजचे बहुतेक इम्प्लांट याच वंशातले. तो टिकाऊ ठरला, पण सरासरी नव्वद अंशांच्या आसपासच वाकायचा. तेवढ्यात चालणं जमतं. बुटक्या खुर्चीतून उठताना अडतं. १९७८ च्या इन्सॉल-बर्स्टीन रचनेने यावर तोड काढली. गुडघ्याच्या आत तिरकं जाणारं मागचं क्रुशिएट लिगामेंट काढून त्याचं काम यंत्रणेकडे दिलं. नडगीच्या प्लास्टिकवर मधोमध एक खुंटी, वरच्या धातूत एक आडवा दांडा. गुडघा वाकला की दांडा खुंटीला टेकतो आणि मांडीचं हाड मागे सरकतं, त्यामुळे ते नडगीच्या मागच्या कडेवर लवकर अडत नाही. लिगामेंट राखावं की काढावं, यावर सर्जन आजही दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलतात.

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये गुडफेलो आणि ओ’कॉनर यांनी प्लास्टिकची गादीच सरकती ठेवली. गुडघ्याची एकच बाजू झिजलेली असेल तर तेवढीच बदलायला ही रचना आजही वापरतात.

पुढचा धडा प्लास्टिकने दिला, आणि तो महागात पडला. गादी निर्जंतुक करायला हवेतच गॅमा किरणं देत. त्यातून प्लास्टिकमध्ये मुक्त मूलकं, म्हणजे चटकन क्रिया करणारे तुटके रेणू, उरत आणि ऑक्सिजनशी त्यांची क्रिया पाकीट फडताळात पडून असतानाही चालू राही. अशी गादी ठिसूळ होई, तिचे पापुद्रे सुटत. झिजेचे सूक्ष्म कण गिळणाऱ्या पेशी हाड विरघळवणारे संदेश सोडत आणि इम्प्लांट ढिलं पडे. १९९०च्या दशकात ऑक्सिजनविना पॅकिंग आलं, नंतर क्रॉस-लिंक केलेलं, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं, आणि ‘ई’ जीवनसत्त्व मिसळलेलं पॉलिथिलीनही.

आता वाद रोखाचा आहे. पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेषेत आणायचा, की रुग्णाचा मूळचा किंचित बाक तसाच ठेवायचा? रोबोटच्या मदतीने अंशाअंशाने कापता येतं, पण कुठला अंश गाठायचा हे सर्जनलाच ठरवावं लागतं. उत्तम बसलेला गुडघाही काही रुग्णांना आपला वाटत नाही, आणि त्याचं कारण शोधणाऱ्यांची नजर आता या बाकाकडे वळली आहे.