ओपन-इअर घेतले म्हणजे बोन कंडक्शन घेतले असं नाही

गाणी ऐकत पळताना कान बुजवू नयेत, हे आता बहुतेकांना पटलंय. मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी, कान बंद असले की स्वतःचीच पावलं डोक्यात धपधप वाजतात, आणि घाम आला की इअरबड निसटतो. त्यावर वेळ घालवत नाही. घोळ त्याच्या पुढे आहे. "ओपन-इअर हेडफोन घेतले, बोन कंडक्शनवाले" (म्हणजे हाडातून आवाज पोचवणारे) असं म्हणून लोक जे काढून दाखवतात, ते बऱ्याचदा कानावर अडकवायचे साधे स्पीकर असतात. उलट खरोखर बोन कंडक्शन घेतलेला माणूस "बास अजिबात नाही, फसवलं" म्हणून विकणाऱ्याला शिव्या घालत असतो.

कानाचं भोक मोकळं ठेवणारे कुठलेही हेडफोन ओपन-इअर. त्यात दोन तऱ्हा आहेत. पहिलीत कानावरच्या आकड्यात किंवा पाळीवरच्या क्लिपमध्ये छोटा स्पीकर असतो आणि तो भोकाच्या तोंडाशी वाजतो. शोक्झचे ओपनफिट, बोसचे अल्ट्रा ओपन, हुआवेचे फ्रीक्लिप, नथिंगचे इअर ओपन हे सगळे यातले. दुसरीत, म्हणजे बोन कंडक्शनमध्ये, डोक्यामागून जाणारी पट्टी असते आणि तिची दोन टोकं कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. शोक्झचे ओपनरन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. एकच कंपनी दोन्ही बनवते आणि दोन्हींच्या नावात 'ओपन' घालते, त्यामुळे गिऱ्हाइकाला तरी किती दोष देणार? त्यात 2024 साली ओपनरन प्रो 2 आला. तो मधले आणि वरचे सूर हाडातून पाठवतो आणि खर्जासाठी वेगळा स्पीकर वापरतो. झालं, गोंधळ पूर्ण.

खरा फरक आवाज कुठल्या वाटेने जातो यात आहे. स्पीकरचा आवाज हवेतून कानाच्या नळीत शिरतो, पडद्यावर आपटतो, पडद्यामागची तीन इवली हाडं हलतात आणि ती थरथर कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात पोचते. बोन कंडक्शनमध्ये कवटीच थरथरते आणि कॉक्लियातलं पाणी मुख्यतः त्यामुळे हलतं. पडद्यावर अवलंबून राहावं लागत नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर ट्यूनिंग फोर्क (ठोकला की घुमणारा दोन दात्यांचा चिमटा) आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात आणि "कुठे जास्त ऐकू आलं?" विचारतात, ते याच दोन वाटा तपासायला. रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो त्याचंही कारण हेच. बोलताना आपण स्वतःला हाडातूनही ऐकत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ती वाट नसते.

तुमच्याकडे काय आहे ते कळायला खोक्यावरचा मजकूर वाचायची गरज नाही. गाणं लावा आणि बोटाने कान घट्ट बंद करा. आवाज गेला किंवा अगदी दबला, तर तो स्पीकर आहे. आवाज टिकला, वर खर्ज भरदार झाला, तर बोन कंडक्शन. कवटीबरोबर कानाच्या नळीची भिंतही थरथरते. एरवी तिथले खालचे सूर उघड्या तोंडातून बाहेर निसटतात, बोट लावलं की आत कोंडले जातात. ऑनलाइन हजार-दीड हजारात 'बोन कंडक्शन' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू या परीक्षेत नापास होतात. माल परत करायची मुदत संपायच्या आत बोट लावून बघा.

आता सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य: "हाडातून ऐकलं की कान खराब होत नाहीत, पडदा वाचतो." अहो, मोठ्या आवाजाच्या गाण्यांनी पडदा खराब होतच नाही! झिजतात त्या कॉक्लियातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी, आणि माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दोन्ही वाटा तिथेच जाऊन मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबल आवाजाला आठवड्याचे 40 तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे 83 ला 20 तास. आवाज हाडातून आला म्हणून त्यात सूट नाही. कान मोकळा राहिल्याने नळीत घाम कोंडत नाही, खाज सुटत नाही, हा फायदा खरा आहे. तोही दोन्हींत सारखाच.

ज्यांच्या पडद्यात किंवा मधल्या कानात दोष आहे, पण कॉक्लिया शाबूत आहे, त्यांना मात्र हाडाची वाट खरंच उपयोगी पडते. हाडात बसवायची श्रवणयंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं, सेलमध्ये नव्हे.

आवाजाच्या दर्जाबद्दल लांबण लावत नाही. दोन्हींत खर्ज कमी, कारण कान बंद नसला की तो टिकत नाही. तरी आकड्यावाल्यांत गाणं गाण्यासारखं वाटतं. बोन कंडक्शनमध्ये तबला लावून बघा: चाट स्पष्ट येते, डग्ग्याची घुमक जवळजवळ गायब. आवाज वाढवला तर गालाच्या हाडाला गुदगुल्या होतात, घुमक काही येत नाही. डावा-उजवा फरकही पुसट होतो, कारण एका बाजूची थरथर कवटीतून दुसऱ्या कॉक्लियातही पोचते. पॉडकास्टला याने काही बिघडत नाही. बॅटरी, बटणं, कॉल वगैरे मॉडेलनुसार बदलतं, त्यावरून तऱ्हा निवडू नका.

माझं मत विचाराल तर पळायला पट्टीवालंच. उतारावर उड्या मारत आलात तरी हलत नाही, आणि एक बाजू गटारात पडून हरवली असं होत नाही, कारण दोन्ही जोडलेल्या असतात. घरी भाजी चिरताना, ऑफिसात टेबलाशी, बेल आणि हाका ऐकू यायला हव्यात तिथे आकड्यावालं. चष्मेवाल्यांनी तेही आधी लावून बघावं. काडी, आकडा आणि मास्कची दोरी एकाच कानामागे आली की तासाभरात टोचायला लागतं. क्लिपवाल्यांना ही अडचण नाही.

लोकलसाठी मात्र दोन्ही घेऊ नका. खडखडाटात मोकळ्या कानाने ऐकायचं म्हणजे आवाज चढवत न्यायचा, आणि वरचा 80 चा हिशोब तिथेच कोलमडतो. तिथे कान बंद करणारे नेहमीचे इअरबडच बरे, कमी आवाजात भागतं. बोन कंडक्शनवाल्यांकडे आणखी एक पळवाट आहे: फोमचे इअरप्लग घालून वरून ते लावायचे. बाहेरचा गोंगाट कमी, गाणं चालू. स्पीकरवाल्यांत हे जमणार नाही. आणि हेल्मेटच्या आत यातलं काहीही लावून बाइक चालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या मागे बसत नाही.

पोहायला न्यायचे असतील तर 'वॉटरप्रूफ' एवढं वाचून थांबू नका. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात जेमतेम काही इंच जातात. फोन काठावर ठेवून तुम्ही बुडी मारली की गाणं बंद. गाणी आतच साठवता येणारं मॉडेल लागतं, आणि ती आधी कॉम्प्युटरवरून एमपीथ्री फाइल म्हणून भरावी लागतात. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली यादी त्यात जात नाही.